रांग, पैसे आणि सासूबाई

माझा पोटापाण्याचा उद्योग लोकांना प्रश्न विचारण्याचा आहे. कंपनी पुण्यातली, ग्राहक निरनिराळ्या देशांतले. आरोग्याचं एखादं मोबाइल अ‍ॅप बनवायला घेण्याआधी ज्यांनी ते वापरायचं त्यांच्याशी मी जाऊन बोलते. आमच्या क्षेत्रात याला ‘युजर रिसर्च’ म्हणतात. माझ्या आईच्या मते मी लोकांच्या घरी चहा प्यायला जाते. दोन्ही वर्णनं बरोबर आहेत.

माझा एक ठरलेला प्रश्न असतो : ‘फोन तुमच्या तब्येतीसाठी एकच काम करणार असेल, तर कोणतं करून घ्याल?’ ऑफिसातल्या तरुण मंडळींना वाटतं, लोक म्हणतील पावलं मोजा, झोप मोजा, हृदयाचे ठोके दाखवा. पुण्या-मुंबईतल्या एका थरात तसं म्हणतातही. पण जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या एका मावशींनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘केसपेपर काढून दे म्हणावं.’

केसपेपरची रांग ज्याने कधी धरली नाही त्याला हे उत्तर गमतीचं वाटेल. पहाटेची एसटी धरायची, खिडकी उघडण्याआधी पिशवी ठेवून नंबर लावायचा, नाव-गाव-वय ओरडून सांगायचं, कागद हातात पडला की डॉक्टरांच्या दारापुढची दुसरी रांग धरायची. रक्त तपासायला सांगितलं तर तिसरी. या सगळ्यात एका दिवसाची मजुरी बुडते, आणि सोबत आलेल्या माणसाचीही.

सरकारी अ‍ॅपच्या बाबतीत याचा फार बोलका अनुभव आलेला आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला ‘आभा’ हा 14 आकडी क्रमांक मिळतो. मूळ कल्पना अशी की, आपले सगळे रिपोर्ट, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डं त्या क्रमांकाशी जोडली जावीत आणि कुठल्याही डॉक्टरला एका जागी दिसावीत. कल्पना चांगली आहे, पण मी ती लोकांना समजावून सांगते तेव्हा समोरून येतं, ‘आमचे रिपोर्ट आमच्या पिशवीत आहेत की!’ मग 2022 मध्ये ‘स्कॅन अँड शेअर’ आलं. रुग्णालयाच्या दारातला क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा, आभामधली माहिती आपोआप खिडकीपर्यंत जाते आणि टोकन मिळतं. नोंदींसाठी ज्या क्रमांकाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तोच रांग कमी होते म्हटल्यावर लोकांनी काढून घेतला. एका रुग्णालयात मी पाहिलं, कॉलेजची पोरं आजीआजोबांच्या फोनमध्ये ओटीपी कुठे आला ते शोधून देत होती, आणि आजोबा विचारत होते, ‘आला का माझा नंबर?’ क्रमांकाचं पुढे काय होणार याची त्यांना फिकीर नव्हती.

नंबराचं हे दुखणं आपलंच आहे असं मला पूर्वी वाटायचं. चीनबद्दल वाचल्यावर ते गेलं. तिथली मोठी, नावाजलेली रुग्णालयं बीजिंग-शांघायसारख्या शहरांत, आणि गावोगावचे रुग्ण थेट तिथेच धडकतात, कारण गावातल्या डॉक्टरवर विश्वास नाही. त्यामुळे तज्ज्ञ डॉक्टरच्या नंबराचा काळा बाजार उभा राहिला. जानेवारी 2016 मध्ये बीजिंगच्या ग्वांगआनमन रुग्णालयातल्या एका तरुणीचा व्हिडिओ देशभर गाजला. आजारी आईला घेऊन ती लांबून आली होती आणि भर हॉलमध्ये दलालांना शिव्या घालत होती, कारण 300 युआनच्या नंबरासाठी तिच्याकडे 4,500 युआन मागितले गेले होते. आज चीनमध्ये आरोग्याची जी प्रचंड अ‍ॅप आहेत त्यांतलं ‘वीडॉक्टर’ 2010 मध्ये सुरू झालं तेच मुळी रुग्णालयाचा नंबर ऑनलाइन लावून देण्यासाठी. सल्लामसलत, औषधं, विमा हे सगळं नंतरचं. (नंबर फोनवर आले तसे दलालही फोनवर आले. नंबर सुटल्या क्षणी ते झटपट पळवणारं सॉफ्टवेअर ते वापरू लागले. तात्काळ तिकिटांचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

इंग्लंडमध्ये उपचार फुकट, तरी तिथे सकाळी आठला लाइन उघडली की आपल्या भागातल्या डॉक्टरची वेळ मिळवण्यासाठी लोक फोनवर फोन लावत बसतात. 2019 च्या सुरुवातीला आलेल्या एनएचएस अ‍ॅपवर लोक काय करतात? नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा मागवतात, वेळ ठरवतात, रिपोर्ट बघतात. फोन लागण्याची वाट पाहावी लागू नये, एवढाच मोह.

माझं मत आता पक्कं झालं आहे : लोक अ‍ॅपकडे आरोग्य मागतच नाहीत. त्यांच्या देशात दवाखान्याची वाट जिथे अडते, तेवढी अडचण पार करून द्या म्हणतात. ती जागा देशागणिक बदलते, म्हणून मागणंही बदलतं. कुठे ती खिडकीपाशी असते, कुठे पाकिटात, कुठे घराच्या आत.

पाकिटाचं उदाहरण केनियाचं. तिथे 2007 पासून एम-पेसा आहे, म्हणजे साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची सोय. आपल्याकडे यूपीआय यायच्या बरंच आधी तिथली भाजीवाली फोनवर पैसे घेत होती. त्याच पायावर 2016 मध्ये ‘एम-टीबा’ आलं : फोनमधलं असं पाकीट, की ज्यातले पैसे ठरावीक दवाखान्यांतच खर्च होतात, बाकी कशावरही नाही. नैरोबीत काम करणारा मुलगा गावाकडच्या आईच्या पाकिटात पैसे टाकू शकतो आणि ते तिच्या औषधालाच जातील याची त्याला खात्री असते. हे मी जुन्नर भागातल्या एका बचत गटात समजावून सांगितलं तेव्हा बायका पटकन सरसावून बसल्या. दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे घरात टिकत नाहीत हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. फी, बी-बियाणं, पाहुणा, नवऱ्याचा मित्र, काहीतरी निघतंच. एकीने विचारलं, ‘त्यातनं त्याला काढता येत नाहीत ना? मग बरंय.’ हा ‘तो’ कोण, हे कुणी विचारलं नाही.

आता याच्या अगदी उलट टोक : जर्मनी. तिथे डिसेंबर 2019 मध्ये कायदा झाला आणि डॉक्टर जसे औषध लिहून देतात तसे अ‍ॅप लिहून देऊ लागले. सार्वजनिक विम्याखालच्या सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांना हा हक्क आहे. पैसे विमा संस्था भरते. अ‍ॅपने आपण काही फरक पाडतो हे बीफार्म या औषध-उपकरण नियंत्रक संस्थेपुढे सिद्ध करायचं, किंवा तात्पुरती मान्यता घेऊन वर्षभरात पुरावा आणायचा. ऑक्टोबर 2020 मध्ये यादीत पहिली नावं आली त्यांत कानात सतत आवाज येण्याच्या त्रासावरचं ‘काल्मेडा’ होतं आणि चिंतारोगावरचं ‘वेलिब्रा’.

माझी एक शाळेतली मैत्रीण श्टुटगार्टला असते. तिला हा कानातल्या आवाजाचा त्रास, म्हणून तिच्या डॉक्टरने अ‍ॅपची चिठ्ठी दिली. ती विमा संस्थेला पाठवली, तिकडून सोळा अक्षरांचा कोड आला, तो टाकला की अ‍ॅप उघडलं. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, ‘चांगलं आहे, पण माझ्या जर्मन शेजारणीने आधी विचारलं की, हे सगळं कुणाला दिसतं?’ अ‍ॅप बरं करतं का हा त्यांचा दुसरा प्रश्न. माहिती कुठे साठते, कुणाला मिळते, पुसता येते का, हा पहिला. एका शतकात दोन राजवटींनी नागरिकांच्या फायली ठेवलेल्या देशात हे स्वाभाविक आहे.

कोरोनात हा फरक लख्ख दिसला. आपलं ‘आरोग्य सेतू’ 2 एप्रिल 2020 ला आलं आणि दीड महिन्याच्या आत 10 कोटी फोनांत गेलं. त्यात मोबाइल नंबर द्यायचा होता, ब्लूटूथबरोबर जीपीएसही होतं. जर्मनीचं अ‍ॅप 16 जूनला आलं. नंबर नाही, ठिकाण नाही, कोण कुणाजवळ होतं याची नोंद ज्याच्या त्याच्या फोनातच, आणि प्रोग्राम आधीच सगळ्यांना तपासायला खुला. आपल्याकडे लोकांनी एवढ्या झपाट्याने सेतू घेतला याचा अर्थ आपल्याला खासगीपणाचं काही नाही असा काढणारे मला मीटिंगमध्ये भेटतात. मे महिन्यात ते कार्यालयांत सक्तीचं केलं होतं, रेल्वेने जायला लागत होतं, हे ते विसरतात. आणि खासगीपणाचं म्हणाल तर आपल्याकडे ते भरपूर आहे. फक्त आपण ज्याच्यापासून लपवतो तो कंपनीत किंवा सरकारात नसतो, घरातच असतो.

हे मला नीट कळलं ते पाळीच्या अ‍ॅपवर काम करताना. पाळीची तारीख लिहून ठेवणारी ही अ‍ॅप जगभर कोट्यवधी बायका वापरतात. अमेरिकेत त्यांच्याबद्दलची भीती उघड आहे. ‘फ्लो’ या अ‍ॅपने गुप्ततेचं वचन देऊन बायकांची माहिती फेसबुक-गूगलसारख्यांच्या विश्लेषण यंत्रणांकडे जाऊ दिली असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला. जानेवारी 2021 मध्ये तडजोड झाली, कंपनीने चूक मान्य केली नाही. पुढे 24 जून 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि बायका एकमेकींना सांगू लागल्या, अ‍ॅप काढून टाक. चुकलेल्या पाळीची नोंद उद्या पोलिसाच्या हातात पडली तर? त्याच सप्टेंबरात फ्लोने नाव-ईमेल न देता वापरण्याची सोय आणली. अमेरिकन बाईचं मागणं हे असं : मला मदत कर, पण मी कोण ते तुला कळता कामा नये.

आपल्याकडेही माहिती बाहेर जाते. बंगळुरूत बनलेलं ‘माया’ हे पाळीचं अ‍ॅप बायकांनी संमती देण्याआधीच फेसबुकला माहिती पाठवतं, असं प्रायव्हसी इंटरनॅशनल या ब्रिटिश संस्थेने 2019 मध्ये दाखवून दिलं. मी हे सोलापूरच्या तीन वहिनींना सांगितलं. एकीने खांदे उडवले. ‘फेसबुकला कळून काय करणार आहे ते? आत्याबाईंना कळायला नको.’ आत्याबाई म्हणजे सासूबाई. लग्नाला दोन वर्षं झालेली, अजून मूल नको असं नवरा-बायकोचं ठरलेलं, आणि फोन चार्जिंगला लावतात तो स्वयंपाकघरात. मोठी पुतणी त्यावर रील बघते, दीर हॉटस्पॉट घेतो. गुलाबी फुलाचं चित्र असलेलं अ‍ॅप पहिल्या पानावर दिसलं की प्रश्न आलाच.

भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या सुमारे दोनशे स्त्रियांशी बोलून केलेला एक अभ्यास 2018 मध्ये नित्या सांबशिवन आणि सहकाऱ्यांनी मांडला. त्यात हेच सापडतं : फोन बाईचा असला तरी घरातल्यांच्या हातात असतो, आणि फोन लॉक केला तर संशय येतो, म्हणून बायका एकेक अ‍ॅप लॉक करतात, एकेक मेसेज पुसतात, किंवा काही गोष्टी फोनमध्ये ठेवतच नाहीत. सोलापूरच्या त्या वहिनींना पासवर्ड नको होता. पासवर्ड म्हणजे ‘काहीतरी लपवतेय’ याची पाटीच. त्यांना हवं होतं साधं दिनदर्शिकेसारखं दिसणारं, कुठल्याही सूचना न वाजवणारं, कंटाळवाणं अ‍ॅप. ‘असं कर की कुणाला उघडावंसंच वाटू नये,’ असं धाकटी म्हणाली. डिझायनरला हे पटवताना माझा घाम निघाला. बिचारा सुंदर करण्याचा पगार घेतो.

ज्यांनी हे घर ओळखून काम केलं त्यांचं मला फार कौतुक वाटतं. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये स्थापन केलेल्या ‘अरमान’ संस्थेच्या ‘एममित्र’मध्ये अ‍ॅपच नाही. गरोदर बाईला हिंदी किंवा मराठीत फोन येतो, रेकॉर्ड केलेला आवाज त्या आठवड्यात काय खायचं, काय जपायचं ते सांगतो. पण फोन कधी यावा ती वेळ बाईने नोंदणीच्या वेळीच निवडायची. नवरा कामावर आणि फोनही त्याच्याबरोबर, असं असेल तर संध्याकाळची. ही एवढीशी सोय मला कुठल्याही सेन्सरपेक्षा हुशार वाटते. बांगलादेशात 2012 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘आपनजन’ने तर सासू टाळलीच नाही. तिथे गरोदर बाईसाठी वेगळे संदेश आणि नवरा, सासू, आई यांच्यासाठी वेगळे. सुनेला तपासणीला पाठवायचं की नाही हे ज्यांच्या हातात आहे त्यांनाच का सांगू नये? सोलापूरच्या वहिनींना ही कल्पना अजिबात आवडली नाही, हे नोंदवून ठेवते. बाळ हवं असताना सासूला सामील करता येतं, नको असताना नाही.

क्षयरोगाचंही असंच आहे. रोज केंद्रावर जाऊन नर्ससमोर गोळी घ्यायची म्हणजे मजुरी बुडते आणि गल्लीला कळतं. ‘99 डॉट्स’ या भारतात जन्मलेल्या पद्धतीत गोळीच्या पाकिटाला एक पुठ्ठ्याचं आवरण असतं. गोळी ढकलून काढली की त्यामागे लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर फुकटचा कॉल द्यायचा, म्हणजे गोळी बाहेर आली हे कळतं. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको. गोळी घेऊनही कॉल न देणारे निघालेच. रुग्णाला केंद्रावरची फेरी चुकवायची होती, कॉल देणं ही सरकारची गरज होती.

औषधांवर येते. घाना आणि नायजेरियात फोनकडून लोकांना जे हवं होतं ते माझ्या डोक्यात कधी आलं नसतं : हे औषध खरं आहे का? नायजेरियात 2008 मध्ये ‘माय पिकिन’ नावाचं, दात येणाऱ्या बाळांना द्यायचं औषध बाजारात होतं. त्यात डायएथिलीन ग्लायकोल हे विष निघालं आणि 84 मुलं दगावली. शिवाय मलेरियाच्या बनावट गोळ्यांचा सुळसुळाट. घानाच्या ब्राइट सायमन्स यांच्या ‘एमपेडिग्री’ने उपाय काढला : खोक्यावरचा भाग खरवडायचा, खालचे आकडे एसएमएसने पाठवायचे, क्षणात उत्तर येतं, औषध असली की नकली. नायजेरियाच्या औषध नियंत्रकांनीही 2010 मध्ये अशी पद्धत आणली.

आपल्याकडे 1 ऑगस्ट 2023 पासून जास्त खपाच्या 300 औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मेडिकलच्या दुकानात उभी राहून मी पाहते, तो कुणीही स्कॅन करत नाही. आपल्या माणसाचा विश्वास गोळीवर नसतो, ‘आमच्या मेडिकलवाल्या’वर असतो. त्याचा प्रश्न वेगळा : हीच गोळी स्वस्तात कुठे? म्हणून ‘जनऔषधी सुगम’ हे सरकारी अ‍ॅप मी दाखवते तेव्हा डोळे चमकतात. त्यात ब्रँडेड आणि जेनेरिक औषधाच्या किमती शेजारी-शेजारी दिसतात. मधुमेहाची गोळी रोज घेणारे एक निवृत्त मास्तर त्यात तासभर रमले होते. सुरकुतलेल्या वहीत जुनी बिलं होती, ती जुळवत बसले.

खाण्याचं एका परिच्छेदात आटोपते. परदेशी अ‍ॅपमध्ये ज्वारीची भाकरी शोधून थकलेल्यांना मी ओळखते. 2012 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ‘हेल्दीफायमी’चा पहिला आधारच भारतीय जेवणाची यादी हा होता, वाटी-चपातीच्या मापात. तरी आमटी प्रत्येक घरची वेगळी, आणि फोडणीत तेल किती पडलं ते घालणाऱ्या हातालाही माहीत नसतं.

उरलं ते एक मागणं, जे लोक विचारल्याशिवाय सांगत नाहीत : टिकून राहा. रवांडात ‘बेबिल’ नावाची सेवा 2016 पासून चालू होती. साध्या फोनवरून कोड दाबायचा, नर्स किंवा डॉक्टर परत फोन करणार, औषधाचा कोड एसएमएसने येणार, गावच्या विमा योजनेत बसणार. वीस लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं, सरकारने दहा वर्षांचा करार केला. मग 2023 मध्ये लंडनची मूळ कंपनी ‘बॅबिलॉन’ बुडाली आणि सेवा बंद पडली. रवांडातल्या रुग्णांना त्या कंपनीच्या शेअरशी काय देणंघेणं?

दक्षिण आफ्रिकेचं ‘मॉमकनेक्ट’ मात्र टिकलं, कारण ते आरोग्य खात्यानेच ऑगस्ट 2014 मध्ये सुरू केलं. गरोदर बाईने साध्या फोनवरून नाव नोंदवायचं, मग देशाच्या तेव्हाच्या 11 अधिकृत भाषांपैकी तिच्या भाषेत संदेश येतात. 2017 पासून व्हॉट्सअ‍ॅपवरही. पण मला त्यात आवडलेला भाग दुसराच आहे. बाईला उलट लिहिता येतं. प्रश्न, तक्रार, काहीही. तक्रारी आल्याच : गोळ्या संपल्यात, फार थांबवलं, नर्स ओरडली. मात्र तक्रारींपेक्षा कौतुकाचे निरोप कितीतरी जास्त आले.

महाराष्ट्रात 2024 पासून केंद्र सरकारची ‘किलकारी’ आली आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोन, एकूण 72 रेकॉर्ड केलेले संदेश. बोलणारी डॉक्टर अनिता हे काल्पनिक पात्र आहे, पण मी भेटले त्या गावांत बायका तिच्याबद्दल नात्यातल्या कुणासारखं बोलतात. त्यांतलीच एक म्हणाली, ‘ती छान सांगते हो, पण आपलं ऐकतच नाही.’

परवाच्या अहवालात मी सगळ्यात वर हेच लिहिलं : बोलायला माणूस हवं. परदेशी ग्राहकाच्या प्रतिनिधीने सभ्यपणे विचारलं, बायका साधारण किती वाजता फोन करतील? मी सांगितलं, भांडी झाल्यावर, घर झोपल्यावर, म्हणजे अकराच्या पुढे. तो थोडा वेळ पडद्यावर बघत राहिला आणि म्हणाला, मग रात्री अकरानंतर फोन उचलणाऱ्या नर्सचा पगार कोणत्या खात्यात दाखवू? त्यावर अजून ईमेल चालू आहेत.